मेडे म्हणायचं कधी?

‘मेडे’ हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांना भेटतो तो सिनेमात. विमान हेलकावे खातंय, लाल दिवे लुकलुकतायत आणि घामाघूम झालेला पायलट माइकमध्ये ओरडतोय, ‘मेडे, मेडे, मेडे!’ अजय देवगणच्या ‘रनवे ३४’चं आधी जाहीर झालेलं नाव ‘मेडे’च होतं. परीक्षेच्या आदल्या रात्री हॉस्टेलच्या ग्रुपवर हाच शब्द येतो, सोबत चार रडक्या इमोजी. एक मे, कामगार दिन, महाराष्ट्र दिन यांच्याशी त्याचं काही नातं असेल असंही काहींना वाटतं. तसं काही नाही. उच्चार सारखा आहे, एवढंच.

मला या शब्दात रस वाटतो तो वेगळ्या कारणाने. मदत कशी मागायची याचे नियम ठरवून, ते जगभर मान्य करून घेऊन, त्यासाठी मुद्दाम घडवलेला हा शब्द आहे. आपण एरवी मदत मागताना काय काय करतो? आधी इकडचं तिकडचं बोलतो, ‘बिझी आहेस का?’ विचारतो, खाकरतो, आणि शेवटी ‘काही नाही रे, सहजच केला होता’ म्हणून फोन ठेवतो. ते सगळं या एका शब्दाने बाद केलंय. आणि तरीही, विमानातलं इंधन संपत आलेलं असताना तो शब्द माणसांच्या तोंडून निघाला नाही, असं घडलेलं आहे. त्यामुळे मला पडलेला प्रश्न असा : मदत मागणं ही ज्याची त्याची मर्जी असते, की कधी कधी ते कर्तव्यही असतं?

इंग्रजांनी घडवलेलं फ्रेंच

गोष्ट १९२०च्या दशकाच्या सुरुवातीची. लंडनचा विमानतळ तेव्हा क्रॉयडनला होता आणि फ्रेडरिक स्टॅनली मॉकफर्ड तिथे वरिष्ठ रेडिओ अधिकारी होते. संकटाची खूण म्हणून ‘एसओएस’ जगाला माहीत होती, पण ती तारायंत्राची. तीन टिंबं, तीन रेघा, तीन टिंबं. कानाला चटकन ओळखू येते म्हणून ती निवडलेली. ‘सेव्ह अवर सोल्स’ हा अर्थ लोकांनी तिला नंतर चिकटवला. विमानातल्या माणसाला मात्र बोलून सांगायचं होतं, आणि त्या काळच्या खरखरत्या रेडिओवर ‘एस’ हे अक्षर नीट ऐकूच येत नसे. म्हणून बोलण्यातला नवा शब्द शोधायचं काम मॉकफर्ड यांच्याकडे आलं.

क्रॉयडनहून उडणारी बरीच विमानं पॅरिसच्या ल बूर्जे विमानतळावर जायची. इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही कानांना कळेल असा शब्द हवा होता. मॉकफर्ड यांनी सुचवला ‘मेडे’. फ्रेंच ‘मेदे’वरून, म्हणजे ‘मला मदत करा’. १९२७ साली वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय रेडिओ परिषदेने ‘एसओएस’चा बोली पर्याय म्हणून तो स्वीकारला. तेव्हापासून तो विमानांचाही आहे आणि जहाजांचाही.

यात एक गंमत आहे. संकटात सापडलेला फ्रेंच माणूस असं ओरडत नाही. तो ‘ओ सकूर’ म्हणेल किंवा ‘एदे-म्वा’. नुसतं ‘मेदे’ हे आज्ञार्थ म्हणून फ्रेंच व्याकरणात बसत नाही. ‘मला मदत करायला या’ अशा वाक्याचा तो तुकडा असावा. म्हणजे हा शब्द धड इंग्रजांचा नाही आणि धड फ्रेंचांचाही नाही. मला वाटतं, तेच त्याच्या पथ्यावर पडलं. ‘हेल्प’ हा शब्द दिवसभरात दहा वेळा सहज बोलण्यात येतो. ‘मेडे’ चुकून तोंडातून निघत नाही. तो म्हणायचा तर ठरवूनच म्हणावा लागतो.

मराठीत याला अगदी जुळणारा शब्द आहे, ‘धावा’. माझ्या आजोळी, सातारा जिल्ह्यातल्या गावात, कडब्याच्या गंजीला आग लागली की कुणीतरी ‘धावा रे धावा’ ओरडायचं आणि हातातलं टाकून माणसं घागरी, बादल्या घेऊन निघायची. कुणाची गंजी, भावकीतली की वैऱ्याची, ही चौकशी आग विझल्यावर. आपण देवाचाही ‘धावा’ करतो. मगरीने पाय धरल्यावर गजेंद्राने केला तो धावाच. गंमत अशी, की शब्द पाहिला तर ती सरळसरळ आज्ञा आहे : धावा! संकटात सापडलेला, म्हणजे त्या क्षणी सगळ्यात दुबळा असलेला माणूस बाकीच्या सगळ्यांना हुकूम देतो आणि बाकीचे तो मानतात. ‘मेडे’त नेमकं हेच आहे. त्यात ‘कृपया’ नाही, ‘जमलं तर’ नाही.

सांगणं आणि करणं

जे. एल. ऑस्टिन नावाचा ब्रिटिश तत्त्वज्ञ होऊन गेला. १९५५ साली हार्वर्डमध्ये दिलेल्या व्याख्यानांत त्याने एक साधी पण महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. बोलणं म्हणजे नुसती माहिती देणं नव्हे. काही वाक्यं उच्चारली की त्या उच्चारानेच काहीतरी घडतं. ‘मी वचन देतो’ हे वचनाचं वर्णन नाही, तेच वचन आहे. ‘माझी शंभरची पैज’ म्हटलं की पैज लागली.

‘मेडे’ याच जातीचा शब्द आहे. तो तीनदा म्हणायचा, म्हणजे खरखरीत हरवणार नाही आणि दुसऱ्या कुणाच्या मेडेबद्दलची बातमी आहे असा गैरसमजही होणार नाही. मग आपण कोण, कुठे आहोत, काय झालंय, किती माणसं आहेत ते सांगायचं. तो उच्चारला की त्या विमानाला बाकी सगळ्यांच्या आधी वाट मिळते. समुद्रावर तर तो ऐकल्यावर त्या चॅनलवर इतरांनी गप्प बसायचं असतं आणि ज्याला शक्य आहे त्याने मदतीला जायचं असतं. त्याच्याखाली आणखी एक पायरी आहे, ‘पॅन-पॅन’. हाही फ्रेंचवरूनच, ‘पान’ म्हणजे बिघाड. अर्थ असा, की गोष्ट गंभीर आहे, लक्ष ठेवा, पण या क्षणी जीव जात नाहीये.

आता २५ जानेवारी १९९०ची रात्र पाहू. कोलंबियातून न्यूयॉर्कला निघालेलं आव्हियांका कंपनीचं ५२ क्रमांकाचं बोइंग ७०७, आत १५८ माणसं. न्यूयॉर्कला हवा खराब, विमानांची रांग लागलेली. या विमानाला वाटेत तीन ठिकाणी मिळून सव्वा तासाहून जास्त वेळ आकाशात घिरट्या घालायला लावलं. कॅप्टनचं इंग्रजी बेताचं, म्हणून रेडिओवर सहवैमानिक बोलत होता. ‘आम्हाला प्राधान्य लागेल असं वाटतं,’ तो म्हणाला. आणखी पाचेक मिनिटंच थांबता येईल, पर्यायी विमानतळ असलेल्या बॉस्टनला आता पोचता येणार नाही, हेही त्याने सांगितलं. विमान एका नियंत्रकाकडून दुसऱ्याकडे सोपवलं जाताना यातलं सगळंच काही पुढे पोचलं नाही.

उतरण्याचा पहिला प्रयत्न फसला. कॅप्टनने सहवैमानिकाला सांगितलं, आपण आणीबाणीत आहोत असं त्यांना कळव. सहवैमानिकाने रेडिओवर नियंत्रकाच्या सूचनेला होकार दिला आणि शेवटी जोडलं, की आमचं इंधन संपत आलंय. ‘सांगितलंस का?’ कॅप्टनने विचारलं. ‘हो सर, सांगितलं.’ थोड्या वेळाने नियंत्रकाने विचारलं, तुम्हाला पंधरा मैल लांब नेऊन परत वळवतो, तुम्हाला आणि तुमच्या इंधनाला चालेल ना? उत्तर गेलं : चालेल असं वाटतं, आभारी आहे. काही मिनिटांनी चारही इंजिनं बंद पडली आणि विमान लाँग आयलंडवरच्या कोव्ह नेक गावाच्या टेकडीवर कोसळलं. ७३ माणसं गेली. आग लागली नाही, कारण जळायला इंधनच उरलं नव्हतं.

सहवैमानिक खोटं बोलत नव्हता. ऑस्टिनच्या भाषेत सांगायचं तर त्याने माहिती दिली, पण कृती केली नाही. इंधन संपत आलंय हे वाक्य त्या रात्री रांगेतल्या इतर विमानांनाही थोडंफार लागू होतं. ‘मेडे’ किंवा ‘इमर्जन्सी’ म्हटलं असतं तर पुढची सगळी यंत्रणा हलली असती. तो शब्द आला नाही, म्हणून समोरच्याने आपलं रोजचं काम रोजच्यासारखं चालू ठेवलं.

मिंधेपणाची भीती

का आला नाही? यावर बरंच लिहिलं गेलंय. वरिष्ठांपुढे आणि परक्यांपुढे दबून बोलण्याची संस्कृती, परकी भाषा, न्यूयॉर्कच्या नियंत्रकांचा करडा सूर. हे सगळं खरं असू शकतं. पण केवळ ‘त्यांच्या संस्कृतीत असंच असतं’ म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. अमेरिकेच्या चौकशी अहवालातही दोष एकट्या वैमानिकांवर थांबलेला नाही. वाहतुकीच्या नियोजनातल्या उणिवा आणि इंधनाबद्दल ठरावीक भाषा नसणं, यांचाही त्यात उल्लेख आहे.

शिवाय ही भीड आपल्याला परकी थोडीच आहे? मराठीत ‘मिंधा’ हा एक जबरदस्त शब्द आहे. कुणाच्या उपकाराखाली दबलेला, त्यामुळे मान वर करून बोलू न शकणारा. लहानपणापासून आपल्याला बजावलेलं असतं, कुणाचं मिंधं होऊ नये. हात पसरू नये. घरातलं बाहेर सांगू नये. या शिकवणुकीत स्वाभिमान आहे, हे मी नाकारत नाही. मदतीच्या बदल्यात आयुष्यभर टोमणे ऐकलेल्या माणसांनीच ही शिकवण घडवली असणार. पण तिचा परिणाम असा, की मदत मागणं म्हणजे हरणं, असा हिशेब मनात पक्का बसतो. अॅपवरून घेतलेल्या कर्जाचे हप्ते थकलेला मुलगा घरी सांगत नाही. स्पर्धा परीक्षेचा चौथा प्रयत्न फसलेली मुलगी गावी फोनवर ‘मजेत आहे’ म्हणते. विचारलं तर तेही थोडं सांगतात. ‘जरा टेन्शन आहे.’ ‘झोप नीट लागत नाहीये.’ माहिती पोचते, मेडे पोचत नाही.

विमानवाहतुकीने यावर काढलेला तोडगा मला नैतिकदृष्ट्या फार महत्त्वाचा वाटतो. त्यांनी मदतीतून उपकार काढून टाकला. मेडे म्हणणारा कुणाचा मिंधा होत नाही, कारण ऐकणाऱ्याने धावणं हे त्याचं औदार्य नाही, काम आहे. आणि मागणं मागणाऱ्याच्या मर्जीवरही ठेवलं नाही. उतरताना टाकीत ठरलेल्या राखीव साठ्यापेक्षा कमी इंधन उरेल असा हिशेब निघाला, की वैमानिकाने ‘मेडे, मेडे, मेडे, फ्युएल’ म्हणायचंच, अशी तरतूद २०१२ साली आंतरराष्ट्रीय नियमांत आली. तुला भीती वाटतेय का, लाज वाटतेय का, अजून जमेल असं वाटतंय का, हे कुणी विचारत नाही. आकडा खाली गेला की म्हणायचं.

मग मघाचा प्रश्न. मदत मागणं कर्तव्य असतं का? ज्याच्या पाठीमागे दीडशे माणसं बसलीत त्याच्यासाठी उत्तर सरळ आहे. त्याचा संकोच ही त्याची खाजगी बाब उरत नाही. पण विमानात एकटाच असेल तर? स्वतःचं दुःख स्वतःपाशी ठेवण्याचा हक्क माणसाला आहे, हे मी मानतो. प्रत्येक जखम दाखवलीच पाहिजे असा आग्रह धरणं हाही एक जुलूमच. तरी एक गोष्ट लक्षात येते. आपण समजतो तितकं आपलं विमान रिकामं नसतं. घर चालवणारा माणूस, धाकट्या भावाची फी भरणारी बहीण, आईचा एकुलता एक आधार, यांच्या मागे प्रवासी असतातच, फक्त मान वळवून पाहायला सवड नसते. म्हणून मी कर्तव्याची रेघ तिथे ओढेन, जिथे माझं गप्प राहणं दुसऱ्या कुणाला खाली घेऊन जाऊ शकतं. त्या रेघेच्या अलीकडे मात्र कर्तव्य हा शब्द मला जड वाटतो. तिथे प्रश्न मागणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याचा जास्त आहे.

ऐकणाऱ्याचं काय?

१९१२च्या एप्रिलमधल्या त्या रात्री टायटॅनिकच्या जवळच ‘कॅलिफोर्नियन’ नावाचं जहाज बर्फामुळे थांबून होतं. त्याचा रेडिओ ऑपरेटर दिवसभराचं काम संपवून झोपलेला. डेकवरच्या अधिकाऱ्यांना आकाशात पांढरे बाण फुटताना दिसले. त्यांनी कॅप्टनला कळवलंही. पण ऑपरेटरला उठवून ‘जरा ऐक बरं काय आहे’ असं पहाटेपर्यंत कुणी म्हटलं नाही. दुसरं जहाज ‘कार्पेथिया’, सुमारे ५८ मैलांवर. तिथला ऑपरेटर झोपायच्या तयारीत असताना योगायोगाने संदेश ऐकतो. कॅप्टन रॉस्ट्रन जहाज वळवून बर्फातून भरधाव नेतो आणि सातशेहून जास्त माणसं वाचवतो. त्यानंतर जगाने जहाजांवर रेडिओचा अखंड पहारा सक्तीचा केला. हाक मारणाऱ्याची सोय पुरेशी नसते, ऐकणारा जागा लागतो, हे त्यातून शिकलो.

कॅलिफोर्नियनवरची माणसं दुष्ट नव्हती. खूण संदिग्ध होती आणि संदिग्ध खूण आपण नेहमी आपल्या सोयीने वाचतो. १९६८ साली डार्ली आणि लाताने या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना इंटरकॉमवरून कुणाला तरी झटका आल्याचं ऐकू येई. ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यापैकी ८५ टक्के जण झटका संपण्याआधी मदतीला उठले. आपल्यासोबत आणखी चौघं ऐकतायत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यापैकी ३१ टक्केच. आता दोनशे छप्पन्न जणांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचा विचार करा.

म्हणून मला वाटतं, ऐकणाऱ्याचं पहिलं कर्तव्य धावण्याचं नाही, विचारण्याचं आहे. वैमानिक चाचरत बोलू लागला की नियंत्रक त्याला सरळ विचारू शकतो, तुम्ही आणीबाणी जाहीर करताय का? हो किंवा नाही. या प्रश्नात दया नाही, उपदेश नाही. समोरच्याला जो शब्द उच्चारता येत नाहीये तो आपणच उच्चारून त्याच्या हातात ठेवायचा. ‘टेन्शन आहे’ म्हणणाऱ्या मित्राला ‘होईल रे सगळं नीट’ म्हणणं सोपं असतं. ‘किती आहे? मी येऊ का? तुला एकट्याने राहायची भीती वाटतेय का?’ हे विचारायला अवघड असतं, कारण उत्तर ‘हो’ आलं तर उठावं लागतं. आणि आपल्या आवाक्याबाहेरचं निघालं तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर त्याच्यासोबत बसून लावता येतो.

शब्द झिजतात तेव्हा

यावर एक आक्षेप रास्त आहे. सगळेच ऊठसूट मेडे म्हणायला लागले तर? ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण पहिली-दुसरीतच ऐकतो. खोटा मेडे हा अमेरिकेत गंभीर गुन्हा आहे, तो याच भीतीने. शब्दाचं वजन राखावं लागतं.

पण आपल्याकडे शब्द झिजतात ते निव्वळ खोट्या हाकांमुळे नाही, असं मला दिसतं. दोन गोष्टी आपल्याकडे नाहीत. एक म्हणजे ‘पॅन-पॅन’. ‘एकदम मस्त’ आणि ‘धावा’ यांच्यामधली पायरीच आपण ठेवलेली नाही. त्यामुळे माणूस शेवटपर्यंत ‘मस्त’च म्हणत राहतो आणि मग थेट बातमी येते. दुसरी गोष्ट म्हणजे शेवट. समुद्रावर संकट संपलं की तसं जाहीर करून चॅनल मोकळा करतात. आपल्याकडे ‘तातडीने रक्त हवंय’ हा मेसेज पेशंट बरा होऊन घरी गेल्यावरही वर्षानुवर्षं फिरत राहतो. तो खोटा नसतो, संपलेला असतो. अशा संपलेल्या हाका ऐकून ऐकून आपला कान बधिर होतो. मदत मिळाल्यावर ‘मिळाली, थांबा’ एवढं सांगणं हीसुद्धा पुढच्या हाक मारणाऱ्याला केलेली मदतच आहे.

राहता राहिली अशी हाक, जिला उत्तर देणं कुणाच्याच हातात नसतं. १२ जून २०२५ला अहमदाबादहून उडालेल्या विमानातून काही सेकंदांतच मेडे आला. प्राथमिक अहवालात एवढंच आहे, की नियंत्रकाने विमानाचं नाव विचारलं, उत्तर आलं नाही, आणि त्याने ते कोसळताना पाहिलं. तेवढ्या वेळात कुणी काय करू शकणार होतं? काहीच नाही. मग ती हाक वाया गेली का?

मी यावर बरेच दिवस विचार करतोय. गजेंद्राच्या धाव्याला देव आला, म्हणून ती गोष्ट झाली. ज्यांच्या धाव्याला कुणी येऊ शकलं नाही त्यांच्या गोष्टी होत नाहीत. तरीही त्या वैमानिकाने हात चालवता चालवता तो शब्द उच्चारला, कारण पलीकडे कुणीतरी कान देऊन बसलंय हे त्याला माहीत होतं. आणि पलीकडच्याने ‘काय झालं’ असंही न विचारता आधी विचारलं, कोण बोलतंय? कामाच्या भाषेतला, नियमातला प्रश्न. पण त्याचा अर्थ एवढाच होतो, की ऐकलंय. तू कोण आहेस ते सांग, म्हणजे पुढचं मी बघतो. आपल्याला प्रत्येकाला वाचवता येणार नाही. हाक ऐकल्याबरोबर ‘कोण?’ असं विचारण्याइतकं जागं राहणं मात्र बहुतेक वेळा आपल्या हातात असतं.